मागचं पाणी

"समोर काय पायतं गा? मांगचं पानी पाय."

मामा हे म्हणाले तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले असतील. मे महिना, गोसीखुर्द धरणाचं लांबरुंद पाणी, आणि आम्ही जाळी काढून परत निघालेलो. नावेच्या मोटरची मूठ मी शेवटापर्यंत पिरगळून धरली होती. आवाज इतका की शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. तरी समोरचा घाट आणि त्यावरची बाभूळ जागची हलत नव्हती. मी त्या बाभळीकडे टक लावून बसलो होतो. मामा मधल्या फळीवर माझ्याकडे तोंड करून बसले होते आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहत होते.

मी मान वळवली. नावेच्या मागच्या फळीला पाण्याचा एक उंचवटा चिकटला होता आणि तो आमच्याबरोबर ओढला जात होता. त्यातून फेस उकळत होता. दोन्ही बाजूंना तिरप्या लाटा निघून दूरवर पसरत होत्या, इतक्या उंच की अर्ध्या किलोमीटरवरचा दुसऱ्या एकाचा डोंगा त्यांनी हलू लागला.

"इतकं पानी ढवरून रायला हा डोंगा," मामा म्हणाले. "हे समदं तुयं पेट्रोल होय."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहितो. ते वाक्य मला पहिल्यांदा दिसलं ते त्या पहाटे, पाण्यावर.

मामा ढिवर. आईकडचं सगळं घर वैनगंगेवर जगलेलं. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली तेव्हा मामा पंचविशीत होते. पुढे पवनीजवळ नदी अडली, ३३ दरवाजे उभे राहिले, पाणी मागे मागे सरकत आलं आणि आईचं माहेर त्याखाली गेलं. घरं नव्या जागी, उंचावर आली. धंदा मात्र पाण्यातच राहिला आणि पाणी बदललं. नदीला दोन काठ असतात, धार असते, बांबू तळाला लागतो. इथे बांबू कितीही लांब घ्या, तळ सापडत नाही. वारा सुटला की लाटा समुद्रासारख्या आडव्या येतात. तरुणपणी मामा ज्या हातांनी नदी ओलांडायचे, त्या हातांना आता एका बाजूला ९ किलोमीटर वल्हवणं झेपत नाही.

म्हणून मोटर. नाव फायबरची, १४ फुटी, सपाट बुडाची. मोटर ८ अश्वशक्तीची, टू-स्ट्रोक, कोकणातून आणलेली जुनी. आमच्याकडे पंख्यासकट तिला नुसतं 'मोटर'च म्हणतात, आणि पाण्यात फिरतो तो पंखा. प्रोपेलर हा शब्द मी घाटावर कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

मला घाई होती ती बर्फाची. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि सकाळी सात वाजताच ऊन चटके देतं. रात्री बर्फाची लादी फोडून पेटीत भरायची, पहाटे रोहू-कटला, झिंगे त्यात टाकायचे आणि व्यापाऱ्याचा टेम्पो निघायच्या आत घाट गाठायचा. ९ किलोमीटरला आम्हाला सव्वा तास लागत होता. घाटावर पेटी उघडली की बर्फाच्या जागी लालसर पाणी असायचं. व्यापारी माशाचा कल्ला बोटाने उघडून बघतो आणि भाव पाडतो. त्याचं चुकत नाही. मऊ पडलेला मासा पुढे नागपुरात कोण घेणार?

पाठीमागे लावायच्या मोटरीचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट सापडली आणि मी ती लगेच मामांना सांगितली. ओले एव्हिनरूड नावाचा नॉर्वेत जन्मलेला कारागीर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये राहत होता. एका ऑगस्टच्या दिवशी तळ्याकाठी सहलीला गेला असता त्याच्या होणाऱ्या बायकोला आइस्क्रीम खावंसं वाटलं. तो वल्हवत पलीकडच्या काठावर गेला, आइस्क्रीम घेतलं आणि परत येईपर्यंत ते वितळलं. त्यातून त्याला नावेच्या मागे अडकवायच्या इंजिनाची कल्पना सुचली असं सांगतात. १९०९ मध्ये त्याने दीड अश्वशक्तीची, सुमारे २८ किलोंची मोटर विकायला सुरुवात केली. मामांनी गोष्ट शांतपणे ऐकली आणि विचारलं, "मंग बरफ रायला का त्याचा?"

माझा पहिला विचार सरळ होता: मोटर लहान आहे, मोठी घेऊ. १५ अश्वशक्तीची जुनी मोटर विकायला असल्याचं कळलं होतं, पैशाची जुळवाजुळवही सुरू केली होती. मामांनी अडवलं. त्यांचं म्हणणं पेट्रोलवरून होतं. माझं मन बदललं ते नावेच्या आतल्या बाजूला चिकटवलेली छोटी पाटी वाचून. तिच्यावर जास्तीत जास्त १० अश्वशक्ती लिहिलेलं होतं. मागची फळी तेवढ्याच जोरासाठी केलेली असते. त्यावर मोठी मोटर लावून, भरलेल्या जाळ्यांनिशी, मधोमध वीस-पंचवीस फूट पाण्यावर, साठी ओलांडलेल्या माणसाला मी पाठवणार होतो. ते पैसे मी तसेच ठेवून दिले.

मग आधी असलेल्या ८ अश्वशक्ती कुठे जातात ते शोधायचं ठरवलं.

सुरुवातीला मी इंजिनच्याच मागे लागलो. प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, पेट्रोल गाळून घेतलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि कॅनमध्ये महिनाभर पडून राहिलेलं पेट्रोल जुन्या मोटरीला त्रास देतं. त्यामुळे दर आठवड्याला ताजं पेट्रोल, ५ लिटरला १०० मिलिलिटर तेल, हा नियम केला. मोटर सकाळी लवकर चालू होऊ लागली. वेग तसाच. उष्ण हवा विरळ असते, म्हणून मेमध्ये कुठलंही इंजिन थोडं कमीच जोर देतं, त्यावर इलाज नाही. पण ती घट शंभरात सात-आठची. आमचं नुकसान त्याहून कितीतरी मोठं होतं.

मोजल्याशिवाय काही खरं नाही हे शाळेत पोरांना सांगतो, ते स्वतः करायला घेतलं. घाटापासून पाण्यात उभ्या असलेल्या एका वाळल्या झाडापर्यंत ६०० मीटर भरले. वेग मोबाइलच्या जीपीएसवर. वाऱ्याचा फरक जावा म्हणून दर वेळी जायचं आणि यायचं, मग सरासरी. ओझं म्हणून दोन माणसं आणि धानाचे दोन कट्टे, म्हणजे ८० किलो. इंजिनचे फेरे मोजायला प्लगच्या वायरीभोवती गुंडाळायचा एक छोटा मीटर मिळतो, तो मागवला. पहिल्या दिवशीची नोंद वहीत अजून आहे: ताशी साडेसात किलोमीटर, फेरे मिनिटाला ४१००. या मोटरीने पूर्ण मुठीवर ४५०० ते ५५०० फेरे घ्यायला हवेत. म्हणजे ती ओरडत होती तरी दमलेली होती. वरच्या गिअरमध्ये चढ चढवलेल्या मोटारसायकलसारखी.

इथे मला विल्यम फ्राउड आठवला. या इंग्रज अभियंत्याने १८७२ च्या सुमारास टॉर्की गावाजवळ लांबलचक टाकी बांधून त्यात मेणाच्या छोट्या नावा ओढल्या आणि पाणी त्यांना किती अडवतं ते मोजलं. नाव चालते तेव्हा समोर एक लाट उठवते. वेग वाढेल तशी त्या लाटेची लांबी वाढत जाते. एका वेगाला लाट नेमकी नावेएवढी लांब होते: समोरचं टोक एका शेंड्यावर, मागचा भाग दुसऱ्या शेंड्यावर, आणि नाव मधल्या खोलगटात बसलेली. त्यापुढे जायचं तर स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढावं लागतं. आमच्या नावेचा पाण्यात बुडालेला भाग ३.८ मीटर. हिशेब केला तर ही हद्द ताशी ८.८ किलोमीटरला येते. हलकी, सपाट बुडाची नाव हा चढ चढून पाण्यावर सरकू लागते. जड नाव चढाच्या पायथ्याशीच इंजिन जाळत राहते. मागच्या फळीला चिकटलेला तो पाण्याचा उंचवटा म्हणजे हाच चढ. फ्राउडची टाकी मामांनी पाहिली नव्हती, पण त्यांनी बोट ठेवलं ते बरोबर जागेवर.

तेव्हा पहिला प्रश्न वजनाचा. आम्ही चौघांनी नाव उचलून धान मोजायच्या काट्यावर ठेवली. पाटीवर वजन १३० किलो. काटा म्हणाला २०६.

मी तीनदा मोजलं. ७६ किलो जास्त. एक अख्खा माणूस रोज आमच्याबरोबर ये-जा करत होता आणि कोणाला दिसत नव्हता. नावेचा तळ आणि वरची फळी यांच्या मध्ये फोम भरलेला असतो, नाव उलटली तरी बुडू नये म्हणून. फळीला कुठे कुठे चिरा गेल्या होत्या. वर्षानुवर्षं त्यातून पाणी झिरपत राहिलं आणि फोमने ते पिऊन धरलं. मागच्या बाजूला सगळ्यात खाली एक भोक पाडलं तेव्हा धार लागली, वास मारणारी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत १९ लिटर निघालं. बाकीचं फोमच्या आत. शेवटी वरची फळी कापून काढली आणि फोम हाताने उपसला. पिळला की पाणी गळायचं, शेवाळाचं हिरवं.

हे काम चार दिवस चाललं आणि त्या चार दिवसांत मी खूप काही शिकलो. नवा फोम भरायचा तर तोही पुन्हा पाणी पिणार. म्हणून शाळेतल्या पोरांना थंड पेयांच्या दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या आणायला सांगितलं. पवनीच्या एका लग्नमंडपाच्या मागून त्यांनी पोती भरून आणल्या. झाकणं घट्ट लावून, वर चिकटपट्टी गुंडाळून साठ बाटल्या तळात रचल्या. एक लिटर बंद हवा एक किलोला तरंगवते, म्हणजे १२० किलोंचा आधार मिळाला. एखादी बाटली फुटली तरी बाकीच्या शाबूत. फळी परत बसवली, फायबर मारलं आणि मागे रबरी बूच ठेवलं. आता रोज घाटावर आलो की बूच काढून नाव तिरपी करतो. नाव पुन्हा काट्यावर: १३८ किलो.

बूड उघडंच होतं तर गवंड्याची सरळ पट्टी तळाखाली लावून पाहिली. मागच्या दोन-अडीच फुटांत तळ आत गेला होता, पट्टीखाली माझं अर्ध बोट शिरत होतं. पावसाळ्यात नाव दोन टायरवर ठेवून द्यायची आमची पद्धत, टायरच्या जागी बूड हळूहळू दबलेलं. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण तळाचा मागचा भाग असा आत जाऊन कडेला पुन्हा खाली वळला की जाणारं पाणी त्या वळणावर आपटतं, मागचा भाग उचलतं आणि समोरचं टोक पाण्यात दाबतं. फायबरचे थर आणि लुगदी भरून, घासून, पट्टीखाली उजेड दिसेनासा होईपर्यंत तो भाग सपाट केला. मागची खालची कड मुद्दाम टोकदार ठेवली. गोल कडेला पाणी वळून चिकटतं, टोकदार कडेवरून ते सुटतं. आता नाव टायरवर नाही, तीन लांब फळ्यांवर ठेवतो.

या दोन कामांनंतर, मोटरीला हातही न लावता, ताशी नऊ किलोमीटरवर आलो.

मोटरची खोट मामांच्याच डोळ्यांना दिसली. "पंखा लय खोल हाये," ते म्हणाले. "भोवऱ्यात नांगर धरल्यावानी." मोटर समुद्रावरून आलेली. तिकडच्या नावांची मागची फळी उंच, म्हणून दांडा लांब, २० इंची. आमच्या फळीची उंची १५ इंच. पंख्याच्या वर एक आडवी सपाट पट्टी असते, ती नावेच्या बुडाच्या रेषेत किंवा बोटभर खाली असावी. आमची जवळजवळ पाच इंच खाली होती. म्हणजे मोटरचा जाड पाय विनाकारण तेवढा जास्त पाण्यात घुसून अडत होता. सागवानाचा चार इंची ठोकळा फळीवर घट्ट बोल्ट करून मोटर वर उचलली.

मग मी एक चूक केली. चाराने फायदा झाला, तर सहाने जास्त होईल, असं वाटून अजून दोन इंच चढवली. सरळ रेषेत वेग खरंच थोडा वाढला. पण झाडाला वळसा घालताना पंख्याने वरून हवा ओढली, इंजिन एकदम किंचाळलं आणि नाव जागीच बसली. त्याहून वाईट, मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार बंद पडली, कारण पाणी ओढायची जाळी उघडी पडली होती. मी लगेच बंद केली. आणखी मिनिटभर चालवली असती तर मामांची मोटर जळाली असती. पुन्हा चारवर आणली. आता ती धार बघितल्याशिवाय मी घाट सोडत नाही. इकॉर्नियाची, म्हणजे जलपर्णीची, मुळंही त्याच जाळीत अडकतात. नागपूरच्या नाग नदीचं सांडपाणी कन्हानमधून वैनगंगेत येतं आणि त्यावर ही वनस्पती फोफावते. हिरव्या गाद्यांमधून गेलं की मोटर उचलून हाताने मुळं ओढून काढावी लागतात. मला त्या गाद्या बघवत नाहीत. जिथे मामा नदीचं पाणी ओंजळीने प्यायचे, तिथे आता आम्ही घरून बाटली नेतो.

पंख्याची गोष्ट थोडी सावकाश सांगतो, कारण ती मला सगळ्यात आवडली.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास. दुसरा पिच: स्क्रू लाकडात फिरवला तर एका फेऱ्यात किती पुढे जाईल, तसा हा पंखा घट्ट पदार्थात एका फेऱ्यात किती इंच पुढे जाईल ते. आमच्या पंख्याचं पिच साडेआठ इंच. तीन पात्यांपैकी दोन पात्यांच्या कडा खाचलेल्या होत्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या बाभळींचे बुंधे आणि जुन्या घरांच्या भिंती वर येतात, पंखा त्यांना लागतो. मी तो भंडाऱ्याला एका कासाराकडे नेला. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव, पातं घडवणारा हात तिथे मिळेल असा माझा अंदाज. म्हाताऱ्या कारागिराने पंखा हातात फिरवला, नखाने वाजवला आणि सांगितलं की हे ओतीव ॲल्युमिनियम आहे, ठोकलं तर तडकेल. मग त्याने चांगल्या पात्याचा ओल्या मातीत ठसा घेतला आणि बाकीची दोन पाती त्या ठशात बसवून पाहिली. एक पातं सपाट झालेलं लगेच कळलं. कानसेने त्याने कडा एकसारख्या केल्या, सळईवर पंखा टांगून जड बाजू शोधली आणि तीही घासली. दोन तास लागले. पैसे द्यायला गेलो तर म्हणाला, "चालवून पाहा आधी, मग द्या." थरथर गेली. मी पुढच्या आठवड्यात पैसे द्यायला गेलो तेव्हा त्याने पहिला प्रश्न आवाजाचा विचारला.

पण पिच तेच होतं आणि इंजिन अजून ४५०० च्या आतबाहेर. आता फ्रान्सिस पेटिट स्मिथ आठवला. १८३७ मध्ये या इंग्रज शेतकऱ्याच्या नावेला लाकडी स्क्रू होता, पूर्ण दोन वेढ्यांचा. कालव्यात चालवताना तो कशाला तरी लागून अर्धा तुटला. नाव थांबायला हवी होती, ती आधीपेक्षा वेगाने पळाली. जास्त वेढे म्हणजे जास्त ढकल, हा समज त्या अपघाताने गेला. मी कोकणातल्या दुकानातून सात इंच पिचचा पंखा पार्सलने मागवला. जवळच्या एका जुन्या मेकॅनिकला हे पटलं नाही. पिच कमी केलं तर वेग कमी होणार, असं तो म्हणाला. वरवर ते बरोबरच वाटतं.

वहीतला हिशेब असा. मोटरच्या २.०८ फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा. जुना पंखा, ४१०० फेरे, साडेआठ इंच: पाणी लाकडासारखं घट्ट असतं तर ताशी साडेपंचवीस किलोमीटर. नवा पंखा, भरल्या नावेत ५००० फेरे, सात इंच: तोही ताशी साडेपंचवीसच! कागदावर काहीच बदललं नाही. पाण्यावर मात्र साडेसाताचे बारा झाले. आधी पंखा शंभरातले सत्तर घसरत होता, आता त्रेपन्न. हे सगळं श्रेय एकट्या पंख्याचं नाही. वजन गेलं, बूड सपाट झालं, मोटर वर आली, आणि मग इंजिनला झेपेल असा पंखा मिळाला. हे काम उलट्या क्रमाने केलं असतं तर मी पंख्याला नावं ठेवून थांबलो असतो.

राहिलं नावेतलं सामान. एका रविवारी सगळं घाटावर काढून मांडलं. ओला जाड दोर, लोखंडी साखळी, फुटकी घमेली, कधीच न लागलेला दुसरा पेट्रोल कॅन. पंचवीस किलो कमी झाले. वल्ही आणि लाइफ जॅकेटं यांना हात लावायचा नाही हे आधीच ठरलेलं. मोटर बंद करणारी दोरी मनगटाला बांधायची सवय मामांना लावायला मला महिना लागला आणि त्याचं मला आजही समाधान आहे.

शेवटी उरला नांगर. नांगर म्हणजे जात्याचा खालचा दगड, २३ किलो. मी म्हटलं, मामा, चार किलोचा लोखंडी आकडा मिळतो, तो याच्यापेक्षा चांगला धरतो.

"तो रायते," मामा म्हणाले आणि बिडी पेटवायला वळले.

गाव सोडताना ट्रॉलीत सामान भरलं तेव्हा वरची तळी पडून फुटली होती, खालची आली. हे मला आईकडून माहीत आहे. मामांनी कधी सांगितलं नाही. ज्या घरात ते जातं होतं, ते घर आमच्या वाटेवरच आहे, हिवाळ्यात त्यावर दीड माणूस पाणी असतं. मी दगड पुन्हा नावेत ठेवला आणि वहीत नावेच्या वजनात २३ मिळवले.

पण ठेवायचा कुठे, हा प्रश्न उरलाच. मोटर मागे, पेट्रोल मागे, चालवणारा मागे, त्यामुळे एकटा माणूस असला की समोरचं टोक आभाळाकडे आणि मागचा भाग चढाच्या पायथ्याशी रुतलेला. मोटरचा कोन बदलायच्या खिळीने थोडा फरक पडला, एक भोक आत घेतलं. पेट्रोलचा कॅन लांब नळी लावून समोर नेला. मुठीला तुषार सिंचनाच्या पाइपाचा अडीच फुटांचा तुकडा बसवला, म्हणजे मधल्या फळीवर बसून चालवता येतं. तरी टोक उठतच होतं. त्याला समोर तेवीस-चोवीस किलो हवे होते.

दगड समोरच्या कोनाड्यात बरोबर बसला. हलू नये म्हणून खाली टायरचा तुकडा घातला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, मी एकटाच नाव घेऊन निघालो. पहाट, वारा अजिबात नाही. मूठ पिरगळली. टोक उठलं, मागे तो ओळखीचा उंचवटा तयार झाला, इंजिन दमल्यासारखं झालं. तीन-चार क्षण तसेच गेले. मग टोक खाली आलं. आवाज बदलला, जड होता तो हलका, एकसारखा झाला. बुडाखाली पाणी तडतडू लागलं. मोबाइलवर १९ दिसत होते. मी वाळल्या झाडाला लांबून वळसा घातला आणि तेव्हा कुठे मागे पाहिलं. फळीमागे उंचवटा नव्हता. कडेवरून पाणी सुटून काचेसारखी एक सपाट पट्टी मागे जात होती आणि लाटा इतक्या लहान की काठापर्यंत पोचायच्या आत विरत होत्या.

भरल्या नावेला हे जमत नाही, हेही सांगतो. दोन माणसं आणि मासे असले की ती बारावरच चालते, चढाच्या अर्ध्यात. ८ अश्वशक्तीत तेवढंच आहे. ९ किलोमीटरला आता पाऊण तास लागतो. जाऊन-येऊन साडेसात लिटर पेट्रोल लागायचं, ते पाचवर आलं.

मी घाटाला लागलो तेव्हा मामा पायऱ्यांवर उकिडवे बसून होते. मी मोबाइल पुढे केला. त्यांनी आकड्याकडे पाहिलं नाही. ते माझ्यामागे पाण्याकडे पाहत होते, जिथे आमची वाट आधीच पुसली जात होती. बराच वेळ पाहिलं. मग उठले, नावेची दोरी खुंटीला बांधली, रिकामी पेटी उचलून पाहिली.

"उद्याले बरफाची एक लादी कमी आन," म्हणाले.